आय कम

काल क्लास सुटल्यावर पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दारातून मॅडमना म्हटलं, "ओके मॅडम, आय कम." सगळ्या हसल्या. मॅडमही. वाईट नाही हसल्या, पण हसल्या.

रात्री ओटा पुसताना तेच डोक्यात. अहो, मी फक्त "येते" म्हणाले! तासभर साधा वर्तमानकाळच तर चालला होता.

हा काळ म्हणे रोजच्या सवयींचा आणि कायम खऱ्या असणाऱ्या गोष्टींचा. द सन राइजेस इन द ईस्ट. आत्ता चाललेल्या कामाला आयएनजी वेगळं. आपलं "मी चहा पिते" रोजचं पण असतं आणि आत्ताचं पण. "उद्या बघते" म्हटलं की उद्याचंही भागतं. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात, जन्मभर न चुकता बोलले. आणि ही-शी-इटला लावायचा तो एवढासा एस माझ्या हातून निसटतो. आठवणीने लावावा, तर डज येऊन काढून घेतो. "शी डज नॉट गोज" भोवती लाल गोल आहे वहीत. शाळेतल्यासारखाच.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. 2000 साली ते पहिलीपासून झालं, त्याच वर्षी आमचा पहिलीत. आता त्याच्या लेकीशी फोनवर दोन वाक्यं बोलायची तर... असो.

हसायला नको होतं त्यांनी. किंवा मी तरी हसायला हवं होतं. चपलेचा अंगठा नीट करत वाकून उभी राहिले, मेलं.

आई दारात अडवायची. "जाते म्हणू नये गं, येते म्हण." लग्नानंतर एसटीत चढतानाही येतेच म्हणाले होते. परत कधी, ते तिलाही माहीत नव्हतं नि मलाही. म्हणजे माझं "आय कम" काही वर्तमानकाळातलं नव्हतंच. कुठल्या काळातलं, ते मॅडमच्या फळ्यावर नाही.

आज गृहपाठ होता, रोजच्या सवयींवर पाच वाक्यं. चार सरळ लिहिली, उठते, चहा करते वगैरे. पाचवं लिहिलं, "व्हेन आय गो, आय से आय कम."

मॅडमनी ते दोनदा वाचलं. एस कुठे राहिलाय का, शोधत असाव्यात. सापडणार कुठून, वाक्यात मी एकटीच होते.