फांद्या बारीक करायचं मशीन घ्यावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छाटणीच्या दिवसांत आमच्या फाटकापाशी कुणी ना कुणी थांबतं आणि विचारतं, "ते विजेचं मशीन आम्हीही घेऊ का हो?" त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे कचरा कसला निघतो?

नुसता पाचोळा असेल तर घेऊ नका. वाळली पानं खड्ड्यात किंवा जाळीच्या पिंपात भरा, मध्ये मध्ये शेणपाणी शिंपडा, ती आपली आपण कुजतात. पुण्यात 'ब्राऊन लीफ' उपक्रमातून एकाचा पाचोळा दुसऱ्याच्या बागेत जातो, इतका तो कामाचा असतो. नारळ-केळी असतील तरीही घेऊ नका. झावळीचे आणि सोपटाचे धागे पात्याभोवती गुंडाळले जातात आणि मग मशीन उघडून ते सुरीनं कापत बसावं लागतं. झावळीला कोयताच बरा.

मशीन खरं उपयोगी पडतं ते करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्यांना. जास्वंद, तगर, पेरू, कढीपत्ता, मधुमालती, आणि मुख्य म्हणजे बोगनवेल. बोगनवेलीचा काटेरी ढीग माळी उचलत नाही, घंटागाडीवाले घेत नाहीत, आणि पेटवून दिला तर धूर सगळ्या गल्लीच्या नाकात. 2016 च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं होतं, पण ठेवून ठेवून किती ठेवणार? तोच ढीग मशीनमधून काढला की दोन-तीन पोत्यांत मावतो.

खोक्यावर '45 मिलिमीटर' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो आकडा सरळ, ओल्या, मऊ फांदीचा. वाळलेल्या आंब्याची तेवढीच फांदी घातलीत तर मोटर घुमते आणि बंद पडते. छाटल्यावर एखादा दिवस थांबावं. पानं मरगळतात, पण लाकूड अजून ओलं असतं. हिरवा लुसलुशीत पाला एकदम कोंबला की तोंड चोंदतं, म्हणून दोन मुठी पाला घातला की मागोमाग एक काटकी घालावी. ती आतला लगदा ढकलून नेते. अंगठ्याहून जाड ते करवतीनं कापून बाजूला ठेवावं. बंब असलेलं एखादं घर अजून सापडतं.

दुकानात दोन जाती दिसतील. एक वेगानं फिरणाऱ्या पात्यांची: स्वस्त, हलकी आणि कर्कश. दुसरी रसवंतीच्या चरकासारखी, फांदी हळूहळू आत ओढून चेपत कापणारी. ती जड आणि महाग, पण आवाज बराच कमी. आमच्या शेजारी दुपारी झोपणारी माणसं आहेत, त्यामुळे मी दुसरी घेतली. पैसे जास्त गेले, संबंध टिकले.

विकणारा हटकून वॅटचा आकडा सांगेल. तुम्ही मात्र मशीनवरची पट्टी वाचा. 'एस 6, 40 टक्के' असं असेल तर सांगितलेली ताकद दर दहा मिनिटांतली चारच मिनिटं, उरलेली सहा मशीननं रिकामं फिरायचं. म्हणजे दिवसभर रेटायचं हे यंत्र नव्हे. अडीच हजार वॅट म्हणजे साधारण 11 अँपिअर. तेव्हा मिक्सरचा छोटा सॉकेट चालणार नाही, गिझरचा 16 अँपिअरचा लागतो. अंगणापर्यंत वायर न्यायची तर वायरमनकडून जाड, 2.5 चौरस मिलिमीटरची करून घ्या आणि वापरताना गुंडाळी पूर्ण सोडा, नाहीतर ती तापते. पावसाळी ओल्या अंगणात तर मशीन काढूच नये.

आता निघालेल्या तुकड्यांचं. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर रोज मूठभर टाकले की ते पाणी शोषतात, हवा खेळती राहते आणि पिंपाला वास येत नाही. उरलेले झाडांच्या आळ्यात दोन इंच पसरते, त्यामुळे उन्हाळ्यात ओल टिकते. फक्त मातीत मिसळू नका, कारण ताजं लाकूड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. बुंध्याला आणि घराच्या भिंतीला लागून तर मुळीच नको, वाळवीला आमंत्रण कशाला?

गच्चीवर कुंड्या असतील तर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरे. बंगल्याभोवती बाग असेल तरी वर्षातून मोजकेच दिवस काम निघतं, म्हणून चार घरांत मिळून एक घ्यावं हे माझं मत. आमचं मशीन गल्लीत फिरतं. सोबत गॉगल देते, एक जुनी काठी देते, कारण अडकलेलं हातानं ढकलायचं नाही. आणि प्लग उपसून बाहेर काढल्याशिवाय झाकण उघडणाऱ्याला पुन्हा मशीन मिळत नाही.