दाखवलेला हिरवा, न दाखवलेला तांबडा

आपल्या भाषेत तांब्यावरून ‘तांबडा’ झाला, पण जमिनीतलं तांबं तांबडं क्वचितच दिसतं. चाल्कोपायराइट पितळी पिवळा, चाल्कोसाइट शिशासारखा करडा, ताजा फोडलेला बोर्नाइट थोड्या वेळात मोराच्या मानेसारखा जांभळा-निळा होतो, मॅलाकाइट हिरवागार, अ‍ॅझुराइट शाईसारखा निळा. तांब्याच्या डोंगरावर जे तांबडं दिसतं ते असतं गंजलेलं लोखंड. गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तांब्याच्या प्रॉपर्ट्या बघून मत देते, आणि अजूनही पहिल्या दिवशी माझी नजर हिरव्याकडेच जाते. ती तिकडून ओढून काढावी लागते.

(आमच्या धंद्यात प्रॉपर्टी म्हणजे शोधकामाचा परवाना असलेला जमिनीचा तुकडा. खाण नव्हे. बहुतेक प्रॉपर्ट्यांची कधीच खाण होत नाही.)

गेल्या महिन्यात अशाच एका प्रॉपर्टीवर सहा दिवस होते. कुठली ते सांगता येणार नाही, करारावर सही केली आहे. परवानाधारक गाडीतून उतरल्या-उतरल्या मला थेट खंदकापाशी घेऊन गेले. खंदकाची भिंत हिरवी. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली, “मॅडम, इथे मारा हातोडा.” मारला. जिथे सांगतात तिथे मी नेहमी मारते, नमुना पिशवीत टाकते, आणि मग विचारते की तुम्ही स्वतः कुठे मारून पाहिला नाही? या प्रश्नावर माणसं थोडी दुखावतात.

मॅलाकाइटमध्ये वजनाने 57 टक्के तांबं असतं, म्हणून ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. पण खडकाच्या भेगेवर त्याचा थर असतो कागदाएवढा. अख्खी भिंत हिरवी रंगवायला फार कमी तांबं पुरतं. त्यांच्या फाइलमध्ये वेचलेल्या नमुन्यांचे आकडे होते, एकाहून एक सरस. वेचलेला नमुना डोंगराबद्दल फारसं सांगत नाही, वेचणाऱ्याच्या आवडीबद्दल सांगतो.

दुसरा आणि तिसरा दिवस कोअरच्या शेडमध्ये (कोअर म्हणजे ड्रिलिंग करून काढलेली खडकाची लांब कांडी). ड्रिलची सात होलं, सगळी त्याच खंदकाखाली, सगळ्यात खोल 160 मीटर. त्यातल्या एका होलवर त्यांच्या सगळ्या सादरीकरणाची भिस्त होती: 41 मीटर सलग खनिज. मी पेट्या क्रमाने मांडल्या, कोअर ओली केली (कोरडी कोअर काही बोलत नाही), आणि कोनमापक लावला. शिरेची कड कोअरच्या अक्षाशी जेमतेम आठ-नऊ अंशांत होती. म्हणजे होल शिरेला आडवं कापत गेलंच नव्हतं, शिरेच्या आतून तिच्याच उताराने खाली उतरलं होतं. खरी जाडी सहा मीटर. यात लबाडी असतेच असं नाही. रिगला, म्हणजे ड्रिलच्या यंत्राला, बसायला सपाट जागा जिथे मिळाली तिथून मारलं असेल. पण 41 आणि 6 यांतला फरक कोणीतरी लिहायला हवा होता.

सरासरीचंही तसंच. समजा 100 मीटरच्या पट्ट्यात 4 मीटर 18 टक्क्यांचे आहेत आणि उरलेले 96 मीटर 0.08 टक्क्याचे. गुणून-भागून उत्तर येतं ‘100 मीटर, 0.8 टक्के’. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात तुमच्याकडे एक अरुंद शीर आहे आणि भोवती रिकामा खडक. म्हणून मी ठळक अक्षरातला आकडा वाचत नाही, मीटरा-मीटराचा तक्ता मागते. तो द्यायला जिथे आढेवेढे घेतात तिथून मी लवकर परतते. इथे मात्र त्यांनी लगेच दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

चौथ्या दिवशी पाऊस झाला, काही केलं नाही.

पाचव्या दिवशी खंदकापासून दीडेक किलोमीटरवरच्या डोंगराच्या कडेवर चढले. नकाशावर तिथे काही नव्हतं, ना खंदक, ना होल. चढताना पायाखालचा खडक बदलत गेला. खाली हिरवट, क्लोराइट-एपिडोट या हिरव्या खनिजांचा, मग पांढुरका, बोटाला साबणासारखा लागणारा सेरिसाइट (बारीक अभ्रक), मग गारेच्या बारीक शिरांची जाळी. वर कड गेरूसारखी. खडक हलका, सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरं. एकेकाळी त्या घरांत सल्फाइडचे, म्हणजे गंधकयुक्त खनिजांचे, कण होते. ते गेले, घरं राहिली.

इथेच मला या प्रॉपर्टीत रस वाटायला लागला, आणि याचं कारण जरा सावकाश सांगते.

पायराइटला, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. हे आम्ल शेजारच्या तांब्याच्या खनिजांना विरघळवतं आणि तांबं पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं. भूजलाच्या पातळीखाली प्राणवायू संपतो, आणि तिथे ते तांबं उरलेल्या सल्फाइडवर बसतं, लोखंडाची जागा घेतं. तयार होतो चाल्कोसाइट, ज्यात जवळपास 80 टक्के तांबं असतं. मूळ चाल्कोपायराइटमध्ये साडेचौतीस. म्हणजे निसर्गानेच वरच्या शे-दोनशे मीटरचं तांबं धुऊन खाली एका थरात आणून ठेवलेलं असतं. वर राहते ती धुतलेली टोपी, आमच्या बोलीत लीच कॅप, तांब्याच्या दृष्टीने कंगाल आणि लोखंडाने तांबडी.

आता हिरव्याकडे परत या. आम्ल कमी पडलं, किंवा खडकात चुनखडी असली की आम्ल मरतं आणि तांबं जागच्या जागी हिरवं होऊन बसतं. म्हणजे हिरवी भिंत पुष्कळदा सांगत असते की तांबं इथेच अडकलंय, खाली साठलेलं नाही. आणि तांबडी रिकामी कड सांगत असते की इथून काहीतरी गेलंय. कुठे गेलं ते मात्र ती सांगत नाही. सरळ खाली गेलं असेल, बाजूला वाहून गेलं असेल, किंवा इथे मुळात नुसता पायराइट असेल आणि तांबं कधी नव्हतंच.

हे ओळखायला खिशातला चाकू पुरतो. खडक खरवडायचा आणि भुकटीचा रंग बघायचा. पिवळीधमक निघाली तर जॅरोसाइट, म्हणजे पायराइट उदंड. तपकिरी-पिवळी असेल तर गोएथाइट. गडद, विटेसारखी लाल निघाली आणि पोकळ्यांच्या आत तोच रंग असला, तर तिथे एकेकाळी चाल्कोसाइट असण्याची शक्यता जास्त. कडेच्या पूर्व टोकाला पिवळी निघाली. पश्चिमेकडे दोनशे पावलांच्या पट्ट्यात लाल.

रात्री त्यांच्या जुन्या माती-नमुन्यांची फाइल उघडली. कडेवर तांब्याचे आकडे अगदी सामान्य, म्हणूनच कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. पण प्रयोगशाळेने बाकीची मूलद्रव्यंही मोजली होती आणि मॉलिब्डेनमचा रकाना कोणीच नकाशावर चढवला नव्हता. आम्लात तांबं पळतं, मॉलिब्डेनम लोखंडाच्या गंजाला चिकटून राहतं. मी तो रकाना नकाशावर टाकला. ठिपके जिथे दाट झाले तो जवळजवळ माझा लाल भुकटीचाच पट्टा होता. माहिती बरीच वर्षं त्यांच्याच संगणकात पडून होती, पैसे मोजून घेतलेली.

अशा तांबड्या टोप्यांचं मोठं उदाहरण म्हणजे चिलीतलं एस्कोंदिदा. नावाचा अर्थच ‘लपलेली’. वाळवंटात पृष्ठभागावरचं तांबं जवळपास धुऊन गेलेलं. भूवैज्ञानिक डेव्हिड लॉवेल आणि त्याचे सहकारी तिथे टोपीतलं लोखंड वाचत पोहोचले, आणि 1981 मध्ये ड्रिलिंगने खाली चाल्कोसाइटचा जाड थर गाठला. आज जगातली सर्वांत जास्त तांबं काढणारी खाण तीच.

पण हिरव्याची अगदीच बदनामी नको. मंगोलियातल्या ओयू तोलगोईचा अर्थ ‘पिरोज्याची टेकडी’, आणि त्या हिरव्या-निळ्या डागांनीच माणसांना तिथवर आणलं. आधीच्या कंपनीने उथळ होलं मारून नाद सोडला. पुढच्यांनी चिकाटी धरली आणि 2001 मध्ये 150 क्रमांकाच्या होलला 508 मीटर लांबीत 0.81 टक्के तांबं आणि टनामागे 1.17 ग्रॅम सोनं लागलं. पुढच्याच वर्षी शेजारी जमिनीच्या पोटात त्याहून समृद्ध साठा सापडला, ज्याची पृष्ठभागावर काही खूण नव्हती.

माझ्या उमेदीच्या काळात मीही एका प्रॉपर्टीबद्दल ‘फक्त पायराइट, पुढे काम नको’ असं लिहून मोकळी झाले होते. पोर्फिरी प्रकारच्या साठ्यात (मोठ्या खडकभर तांबं विरळ विखुरलेला साठा; जगातलं निम्म्याहून अधिक तांबं यांतूनच येतं) मधोमध पोटॅशिक, म्हणजे पोटॅशियमयुक्त खनिजांचा, गाभा असतो, ऑर्थोक्लेज आणि बायोटाइटचा. त्याबाहेर सेरिसाइटचं कवच, सर्वांत बाहेर क्लोराइट-एपिडोट. तांबं बहुधा गाभ्याच्या कडेला, आणि पायराइटचा जोर त्याच्या बाहेरच्या कवचात. म्हणजे नुसता पायराइट दिसला तर आपण कदाचित दाराबाहेर उभे आहोत, एवढंच. मी दार बघितलंच नाही. तिथे नंतर कोणी ड्रिलिंग केलं नाही, त्यामुळे मी चुकले की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि हेच जास्त टोचतं.

ही कवचं वाचण्याची ताकद दाखवली ती अ‍ॅरिझोनातल्या कालामाझूने. शेजारचा सॅन मॅन्युएलचा साठा फॉल्टने, म्हणजे खडक सरकलेल्या भेगेने, कापलेला होता. लॉवेलने 1960 च्या दशकात जुन्या होलांतल्या खडकातली कवचं जुळवून ओळखलं की हा अर्धाच आहे, आणि सरकलेला अर्धा भाग अंदाजाच्या जागी होल मारून शोधला. 1970 मध्ये त्याने आणि जॉन गिल्बर्टने कवचांचं ते मॉडेल छापलं. आम्ही सगळे त्यावरच शिकलो. जरा जास्तच शिकलो, असंही मला वाटतं. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या साठ्याला पोर्फिरी म्हणायचं की गारेच्या शिरेतला वेगळाच प्रकार, यावर शास्त्रज्ञांचा वाद झाला. पण म्हणून तिथलं तांबं काही अडून राहिलं नाही.

परवानाधारकांकडे आयपी सर्व्हेचा, म्हणजे जमिनीत वीज सोडून केलेल्या मोजणीचा, नकाशाही होता. मधोमध मोठा लाल डाग, आणि त्यावर बाण काढून ‘साठा’ लिहिलेलं. आयपीला तांबं दिसत नाही. विद्युतभार धरून ठेवणारे कण दिसतात, त्यात पायराइट आला, ग्रॅफाइट आलं. मी बाण ठेवला, शब्द खोडला.

अहवालात ‘एक्सप्लोरेशन पोटेन्शियल’ या मथळ्याखाली काय लिहायचं यावर दोन रात्री गेल्या. 1997 च्या ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या सोन्याच्या घोटाळ्यानंतर कॅनडाने 2001 मध्ये जे नियम आणले त्यांच्या धाकाने निदान एवढं झालं की साठा आणि शक्यता वेगळ्या खान्यात लिहाव्या लागतात. खंदकाची शीर मी शक्यतांत खाली टाकली: अरुंद, हिरवी, खरी, पण छोटी. कड वर घेतली आणि स्पष्ट लिहिलं की इथे एकही होल नाही, म्हणून टनांचा एकही आकडा देत नाही. तीन होलं सुचवली, प्रत्येकी 400 मीटर, पश्चिमेच्या लाल पट्ट्यात. टोपीखाली चाल्कोसाइटऐवजी नुसता पायराइट निघाला तर चौथं मारू नका, हेही त्याच पानावर.

परवानाधारकांचा फोन आला. हिरव्या भिंतीचे फोटो मागे परिशिष्टात का गेले, हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त कामाचा होता: वरचे शंभरेक मीटर तर रिकामेच, मग तेवढं कोअर न काढता भुगा करून झटपट खाली जाऊ का? पैसे वाचतील. मी म्हटलं, नको. पहिल्या मीटरपासून कोअर काढा आणि ती तांबडी कोअर माझ्यासाठी नीट पेट्यांत भरून ठेवा, एकही पेटी टाकू नका. ते “बरं” म्हणाले. रिग अजून आलेली नाही.