कोकणकडा, पाचनईच्या वाटेने: वारा, ढग आणि इंद्रवज्र

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाहून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत साधारण दोन-अडीच तास. वाट मळलेली आहे. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावं.

देवळापासून कडा पश्चिमेला, अर्ध्या-पाऊण तासावर. हा टप्पा जवळजवळ सपाट, म्हणूनच फसवा. पठारावर ढोरवाटांचं जाळं आहे. ढग उतरला की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि जमीन एकदम संपते. अशा वेळी आहात तिथेच बसा, ढग विरेपर्यंत हलू नका. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाचनईतून वाटाड्या घ्यावाच.

कडा आत वळलेला आहे, वरची धार पुढे आलेली. काठावर उभं राहिलं की पायांखाली नुसती खडकाची पडवी आणि तिच्याखाली हजार फुटांहून कितीतरी जास्त पोकळी. कोकणातून येणारा वारा या अर्धगोलात कोंडतो आणि सरळ वर उसळतो. पावसाळ्यात धबधबे खाली पडायचे सोडून वर उडतात. ते पाहून छाती दडपते, आणि दडपलेलीच बरी. कारण हा झोत अखंड नसतो. वाऱ्यावर रेलून उभा असलेला माणूस, वारा पडला की पुढे जातो. काठापासून पंधरा फुटांवर सॅक आणि पोंचो काढून ठेवा (पोंचो शिडासारखा फुगतो), पालथे पडा आणि सरपटत पुढे जा. मागच्याने घोटे धरावेत. जुलै-ऑगस्टात शेवाळ आणि गवताखालची सुटी माती इतकी निसरडी असते की काठापर्यंत न गेलेलंच शहाणपणाचं.

इंद्रवज्रासाठी (ढगावर आपल्या सावलीभोवती उमटणारं गोल इंद्रधनुष्य) सप्टेंबर-ऑक्टोबरातली सकाळ धरा. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरच्या 1835च्या निबंधात या गडावर दिसलेल्या पूर्ण रंगीत वर्तुळाचं वर्णन केलं आहे. सूर्य पाठीशी आणि ढग खाली दरीत हवा, तेव्हाच आपली सावली मधोमध येते. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारनंतर आशा सोडा. ढग काठाच्या वर चढला, तरी संपलं.

मे आणि ऑक्टोबरात दुपारी गडगडाट ऐकू आला की कडा आणि तारामती शिखर दोन्ही सोडून देवळाकडे उतरा. तंबू काठाजवळ नको. रात्रीच्या झोतात खुंट्या उपटल्या जातात. कारवीच्या आडोशाला, काठापासून शंभर पावलं तरी आत लावा आणि अंधारात लघवीला जाताना काठाकडे पाठ करूनच चाला.