एका ट्रेनवर चालणारी राईड आणि माझी २३ दिवसांची तक्रार

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहिलो. बाहेरच्या फलकावर प्रतीक्षा ३० मिनिटं असं लिहिलं होतं. प्रत्यक्ष सीटवर बसलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी, ताई आणि माझी अकरा वर्षांची मुलगी. मुलीने एकदाही कुरकूर केली नाही. उतरल्यावर फक्त एवढंच विचारलं, "बाबा, आता अजून किती राईड होतील?" मी अ‍ॅप उघडून बघितलं आणि मला खरं सांगावं लागलं, "दोन. फार तर तीन."

मी थीम पार्कवर मनापासून प्रेम करणारा माणूस आहे. गर्दी असणार, रांग असणार, हे मला कळतं. राईड दुरुस्तीसाठी बंद असली तर मी कधीच चिडत नाही, उलट बरं वाटतं. रोज सकाळी पार्क उघडण्याआधी तंत्रज्ञ रूळ, चाकं, ब्रेक, सीटचे बार तपासतात, रिकाम्या ट्रेन फिरवून बघतात. एखाद्या सेन्सरने शंका दाखवली तर राईड थांबलीच पाहिजे. त्यामुळे या वेळी मी तक्रार केली ती राईड बंद होत्या म्हणून नाही. वर्षातल्या सगळ्यांत महाग दिवसाचे पैसे घेऊन आम्हाला अर्धं पार्क दाखवलं आणि ते आधी सांगितलं नाही, म्हणून केली.

आता तारखेप्रमाणे तिकिटाचे दर बदलतात. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांनी २०१६ मध्ये ही पद्धत आणली, नंतर ती ठिकठिकाणी रुळली. गर्दीच्या दिवशी महाग, रिकाम्या दिवशी स्वस्त. मुलीच्या सुट्टीमुळे आम्हाला महागाचाच दिवस मिळाला. त्यावर मी प्राधान्य पासही घेतला, प्रवेश तिकिटाच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा. त्यात आठ राईडची नावं होती आणि प्रत्येक राईडला एकदा छोट्या रांगेतून जायची सोय. सगळ्यांत मोठा रोलर कोस्टर त्यात नव्हता. त्याच्यासाठी याहूनही महाग असा वेगळा पास होता, तो मी घेतला नाही.

पूर्वी ही सोय फुकट असायची, हे नव्या लोकांना सांगितलं तर पटत नाही. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा त्याचे वेगळे पैसे नव्हते. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळेला परत यायचं. २०२१ मध्ये त्याची जागा पैसे भरून घ्यायच्या पासने घेतली. वेगवेगळ्या राईडना वेगवेगळे पैसे ही कल्पना मात्र जुनीच. डिस्नेलँड १९५५ साली उघडलं त्याच वर्षी तिथे कुपनांची पुस्तकं आली, आणि १९८२ साली ती बंद होऊन एकाच तिकिटात सगळं मिळायला लागलं. माझ्या पिढीला 'आत गेलं की सगळं आपलं' याची सवय झाली ती त्यानंतरची. आता आपण पुन्हा कुपनांकडे चाललो आहोत असं मला वाटतं, आणि मला ते आवडत नाही. आत शिरल्यावर पोरं सारखी असावीत.

तर त्या रांगेत. पहिला पाऊण तास झाल्यावर मला शंका आली, कारण वरून ट्रेन जाण्याचा आवाज फारच विरळ येत होता. मी घड्याळ लावून मोजलं. २० मिनिटांत ५ ट्रेन सुटल्या, म्हणजे दर चार मिनिटांनी एक. मागच्या वेळी, चार वर्षांपूर्वी, हीच राईड दर दोन मिनिटांनी सुटायची, कारण दोन ट्रेन धावायच्या. रोलर कोस्टरच्या रुळाचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच ट्रेन. पुढचा ब्लॉक रिकामा झाला की मगच मागची ट्रेन पुढे जाते. त्यामुळे एक ट्रेन चढावर असताना दुसरी स्टेशनात माणसं भरू शकते. आज एकच ट्रेन होती. ती जायची, फिरून यायची, माणसं उतरायची, नवी बसायची, बार तपासले जायचे, मग सुटायची. ती फिरत असताना सगळा वेळ स्टेशन रिकामं.

ट्रेनमध्ये २४ सीट. तासाला १५ फेऱ्या, म्हणजे ३६० माणसं. पण त्यातल्या बहुतेक वेळा १६ सीट महागड्या पासच्या रांगेतून भरत होत्या. आमच्या रांगेला उरायच्या ८. तासाला १२०. आमच्या पुढे अडीचशेच्या आसपास माणसं असणार, कारण दोन तास दहा मिनिटं लागली. दोन ट्रेन असत्या तर तासाला ७२० माणसं गेली असती. पासवाल्यांची तेवढीच २४० वजा केली तरी आमच्या रांगेला ४८० उरतात. तीच रांग अर्ध्या तासात संपली असती. ट्रेन निम्म्या झाल्या, पण साध्या रांगेचा वेग चौथाईवर आला, कारण पास विकलेले असल्यामुळे त्यांचा वाटा आधी काढावा लागतो आणि सगळी तूट साध्या रांगेवर पडते. हे गणित मी तिथेच फोनमध्ये लिहून ठेवलं. पुढे तेच कामाला आलं.

दुसरी ट्रेन का नव्हती? ती बाजूच्या शेडमध्ये उभी दिसत होती, चाकं काढलेली. वर्षातून एकदा ट्रेन पूर्ण खोलावीच लागते, आसांना बारीक तडे गेलेत का ते तपासावं लागतं. ते काम झालंच पाहिजे. फक्त ते कमी गर्दीच्या महिन्यांत होतं, निदान व्हायचं. आणि काही कारणाने लांबलंच तर त्या दिवशी मोठ्या राईडचे पास कमी विकायला हवे होते.

रांगेतली माणसं कशाने त्रासतात यावर व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली लिहिलं होतं. किती वेळ लागेल हे माहीत नसलेली प्रतीक्षा जास्त लांब वाटते, आणि कारण न सांगितलेलीही. त्या दिवशी आम्हाला दोन्ही मिळाल्या. साधी एक घोषणा झाली असती, 'आज एकच ट्रेन चालू आहे, वेळ चौपट लागेल', तर निम्मे लोक शांतपणे दुसरीकडे गेले असते.

पासवरच्या आठपैकी तीन राईड दिवसभर बंद होत्या. पण ज्याचं मला खरं वाईट वाटलं ती राईड चालू होती. अंधारातली जंगलाची राईड, जिथे मी मुलीच्या वयाचा असताना पहिल्यांदा गेलो होतो. दुसऱ्या वळणावर एक घुबड आहे. गाडी जवळ आली की ते मान वळवून तुमच्याकडे बघायचं, आणि गाडी पुढे गेली तरी बघत राहायचं. मी मुलीला आदल्या रात्री त्याच्याबद्दल सांगितलं होतं. या वेळी घुबड भिंतीकडे तोंड करून थांबलेलं होतं. एक डोळा विझलेला. मानेपाशी पिसं निघून आतला पत्रा दिसत होता आणि त्यावर धुळीचा थर. पुढच्या दालनात जांभळे दिवेच बंद, त्यामुळे भिंतीवर रंगवलेलं चांदणं दिसेना, नुसता काळा रंग आणि पोपडे. चाहत्यांच्या भाषेत याला बी-मोड म्हणतात, म्हणजे एखादी करामत बिघडली तरी तिच्याशिवाय राईड चालू ठेवायची. एक दिवस, दोन दिवस समजू शकतो. तो धुळीचा थर दोन दिवसांचा नव्हता.

ताई म्हणाली, "तू नुसता हळहळू नकोस, लिहून दे त्यांना." संध्याकाळी सात वाजता आम्ही ग्राहक सेवेच्या खिडकीवर गेलो. तिथेही रांग होती. खिडकीवरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी वापरायचे तीन छोटे पास पुढे केले. पार्क बंद व्हायला एक तास होता. मी म्हटलं, "तुमचे आभार, पण हे घेतले तर तक्रार मिटली असं धरतील का?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "हो, नोंद तशीच होते." मग मी ते घेतले नाहीत. त्याऐवजी तक्रार क्रमांक मागितला आणि बंद राईडची नावं तिच्याकडून त्या नोंदीत घालून घेतली. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं राहिलं, म्हणून कोणी हे वाचत असेल तर सांगतो, पार्कातून बाहेर पडायच्या आधी क्रमांक घ्या.

घरी येऊन पहिला ईमेल लिहिला तो रागाने लिहिला. लांबलचक, घुबडापासून पार्किंगपर्यंत. पाचव्या दिवशी ठरलेल्या साच्यातलं उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि खाली तिकिटाच्या अटी. राईड बंद असल्यास प्रवेशशुल्क परत मिळणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. अशी अट बऱ्याच पार्कांत असते. तिच्याशी भांडून काही हाती लागलं नसतं.

दोन रात्री मी त्या अटी नीट वाचल्या. प्रवेश तिकिटाची अट प्रवेश तिकिटापुरती होती. प्राधान्य पास ही वेगळी खरेदी होती, तिची पावती वेगळी, आणि तिच्यावर आठ राईड नावानिशी छापलेल्या. विकलेल्या आठपैकी तीन त्यांनी दिल्याच नव्हत्या, आणि याची नोंद त्यांच्याच खिडकीवर झाली होती. दुसरा ईमेल मी बारा ओळींचा लिहिला. तक्रार क्रमांक, पावतीचा फोटो, तीन राईडची नावं, मागणी एकच: पासचे पैसे परत करा. रोलर कोस्टरचं गणित वेगळ्या पानावर जोडलं, त्यावर कसलीही मागणी न करता. फक्त लिहिलं, की हे तुमच्या संचालन विभागाला दाखवा.

आठ दिवस काहीच आलं नाही. नवव्या दिवशी मी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण लिहिली. पैसे कार्डाने भरले होते, त्यामुळे शेवटी बँकेकडे वाद नोंदवता आला असता, पण ते मला करायचं नव्हतं. मला त्या पार्कात परत जायचं आहे.

तेविसाव्या दिवशी पासचे पूर्ण पैसे परत आल्याचा संदेश आला. प्रवेश तिकिटाचं काही मिळालं नाही. त्याच दुपारी संचालन विभागातून एका गृहस्थांचा फोन आला. ते म्हणाले, "तुमचा हिशेब आम्ही आमच्या नोंदींशी ताडून बघितला, बरोबर आहे. प्रतीक्षेची वेळ दोन ट्रेन धरूनच दाखवली जात होती. ते आता बदललंय." आवाजावरून माणूस बरीच वर्षं या कामात असावा. मी त्यांना घुबडाबद्दल विचारलं.

"कुठलं घुबड?" ते म्हणाले. "पहिल्या वळणावरचं की दुसऱ्या?"

मी म्हटलं दुसऱ्या, डाव्या हाताचं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "पहिलं माझ्या यादीत आहे," ते म्हणाले. "दुसरं नव्हतं. लिहून घेतो. डोळा कुठला म्हणालात?"

"उजवा," मी म्हटलं, आणि मग खात्री करायला मुलीला हाक मारली. ती म्हणाली, "बाबा, उजवाच. आणि मान पण अडकलीये, ते पण सांगा."