प्लेगच्या मुंबईची छायाचित्रे पाहताना

लंडनच्या वेलकम संग्रहात मुंबईतील 1896-97 च्या प्लेगच्या छायाचित्रांचा एक संच आहे. त्यातील अनेक छायाचित्रे कॅप्टन सी. मॉस या लष्करी अधिकाऱ्याच्या नावे नोंदलेली आहेत. संग्रहाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि मोठी केली तर भिंतीवरचे ओरखडेही दिसू लागतात. 2020 मध्ये 1897 चाच साथरोग कायदा आपल्याकडे पुन्हा लागू झाला, तेव्हा ही चित्रे मोबाइलवरून घरोघर फिरली. माझ्याकडे आलेल्या एका चित्रावर ‘पुण्यातील प्लेग’ असे लिहिले होते. संग्रहातील मूळ नोंद पाहिली, तेव्हा ते कराचीचे निघाले. त्यानंतर मी ही छायाचित्रे एकेक करून, नोंदीसह आणि त्या काळाविषयी जे छापील साहित्य उपलब्ध आहे ते शेजारी ठेवून पाहू लागले. या पाहण्यातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. या छायाचित्रांतून आपल्याला प्लेग दिसतो असे आपण समजतो. वास्तविक त्यांतून दिसतो तो प्लेगचा सरकारी बंदोबस्त. हा फरक लक्षात ठेवला, तर त्याच चित्रांतून कितीतरी अधिक हाती लागते.

मागची हकिकत थोडक्यात सांगते. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात, बंदराजवळच्या धान्याच्या वखारींच्या परिसरात, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा ताप गाठीच्या प्लेगचा असल्याचे निदान केले. हिवाळ्यात साथ शहरभर पसरली आणि लाखो लोक मुंबई सोडून गावी गेले. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि तोवर नगरपालिकेकडे असलेले काम या समितीकडे गेले. समितीचा अहवाल त्याच वर्षी छापला गेला. मॉस यांची छायाचित्रे याच काळातील आहेत. घेणारा स्वतः लष्करी अधिकारी होता आणि चित्रांचे विषयही समितीच्या कामाचेच आहेत: घरतपासणी, घरे धुणे, तात्पुरती रुग्णालये, लोकांना वेगळे ठेवण्याच्या छावण्या. चित्रे ज्या क्रमाने समोर येतात, तो एका खात्याच्या कामकाजाचा क्रम आहे.

या संचातील मला सर्वांत बोलके वाटणारे छायाचित्र घरे धुण्याचे आहे. रस्त्यात पाण्याचा बंब उभा आहे, माणसे नळ्या सावरून आहेत आणि लागण झालेली घरे पाण्याच्या झोताने धुऊन काढण्याचे काम चालू आहे. पाहणाऱ्याला ते आग विझवण्याचे चित्र वाटावे, इतकी त्यात लगबग आणि इतका आत्मविश्वास आहे. तो आत्मविश्वास कोठून आला, हे समजून घेतल्याशिवाय हे चित्र पुरते वाचता येत नाही. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढला होता. परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे 1897 मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, ओल, कोंदट हवा, अंथरूण-पांघरूण, धान्य, जमीन अशा सर्वांवर संशय होता. त्यामुळे जे जे संशयास्पद ते धुवायचे, जाळायचे, चुन्याने रंगवायचे किंवा उन्हात आणायचे, असा कार्यक्रम ठरला. गटारांत आणि घरांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतले गेले, भिंतींना चुना दिला गेला, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, आणि गरिबांची अंथरुणे त्यांच्या डोळ्यांदेखत जाळली गेली.

पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत केलेल्या प्रयोगावरून असे मांडले की, प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो. ते म्हणणे मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. मुंबईतच पुढे नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हे माहीत असताना बंबाच्या त्या चित्राकडे पुन्हा पाहिले की, चौकटीत जे आले नाही तेच मनात येते. पुढच्या दारातून पाणी घुसल्यावर मागच्या मोरीतून बाहेर पडणारे उंदीर कोणी टिपले नाहीत, कारण ते टिपण्याजोगे आहेत असे कोणाला वाटलेच नव्हते. मला या माणसांना मूर्ख ठरवायचे नाही. त्यांच्यापाशी जे ज्ञान होते त्याच्या आधारे ते जिवावर उदार होऊन काम करत होते, आणि त्यांच्यापैकी काहींना प्राणही गमवावे लागले. छायाचित्राने त्यांचे कष्ट टिपले आणि त्या काळची रोगाविषयीची समजूतही टिपली, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरे एक छायाचित्र घरतपासणीस निघालेल्या मंडळींचे आहे. नोंदीत त्यांचा उल्लेख जस्टिस ऑफ द पीस असा आहे. मुंबईच्या नगरकारभारात ही पदवी असलेल्या प्रतिष्ठितांना मोठे स्थान होते, आणि त्यांत युरोपीय जसे होते तसे पारशी, हिंदू, मुसलमानही होते. म्हणून ‘गोरे साहेब आणि पिडलेली एतद्देशीय जनता’ अशी सरळ वाटणी करून हे चित्र पाहणे मला अपुरे वाटते. तपासणी करणाऱ्यांतही आपल्याच शहरातील मोठी माणसे होती. आणि ज्यांच्या घरांत ही मंडळी शिरत होती ते बहुतांशी चाळींत राहणारे, गिरणीत किंवा गोदीत राबणारे लोक होते. कोण रस्त्याच्या मध्यभागी उभा आहे, कोण कडेला सरकून उभा आहे, कोण लेन्सकडे पाहतो आणि कोण पाहत नाही, एवढे जरी नीट न्याहाळले तरी त्या काळच्या मुंबईतील उतरंड डोळ्यांपुढे उभी राहते. जुन्या छायाचित्रात माझी नजर आता आधी कडेला जाते. मध्यभागाची रचना घेणाऱ्याने केलेली असते. कडेला जे येते, ते पुष्कळदा न बोलावता आलेले असते.

घरांवरच्या खुणाही या चित्रांत वाचायला मिळतात. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशा अर्थाची तीन इंग्रजी आद्याक्षरे, यू. एच. एच., मोठ्या आकारात रंगवली जात. ज्या घरात प्लेगने मृत्यू झाला असेल, त्याच्या दाराशी वर्तुळ काढले जाई; जितके मृत्यू, तितकी वर्तुळे. आत राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती इंग्रजी अक्षरे वाचता येत नसणार. वर्तुळे मात्र गल्लीतल्या लहान मुलालाही मोजता येत होती. एखाद्या घराचे दुःख असे दारावर रंगवून ठेवल्यावर शेजाऱ्यांनी, दुकानदाराने, पाणी भरणाऱ्याने त्या घराशी कसा व्यवहार केला असेल, याचा विचार मी ती चित्रे पाहताना टाळू शकत नाही. आमच्याकडे जुन्या पिढीतील बायका प्लेगाच्या दिवसांविषयी सांगत, त्यात रोगाच्या वर्णनापेक्षा ‘उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या’ हेच अधिक असे. लोकांनी अनुभवाने जी खूण ओळखली होती, ती सरकारी खुणेपेक्षा अधिक उपयोगाची होती, हे विज्ञानाने नंतर दाखवून दिले.

रुग्णालयांची छायाचित्रे पाहताना तंत्राचा विचार करणे अगत्याचे आहे. त्या काळी चित्र उमटवण्यासाठी जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा वापरात आल्या होत्या, त्यामुळे बाहेरच्या उन्हात क्षणार्धात चित्र घेता येत असे. पण छपराखालच्या मंद उजेडात काचेवर प्रकाश अधिक वेळ पडू द्यावा लागे. तात्पुरत्या रुग्णालयाच्या आतील चित्रात खाटांच्या रांगा आहेत, त्यांवर रुग्ण पडून आहेत, आणि परिचारिका व मदतनीस उभे आहेत. हे दृश्य विलक्षण शांत आहे. या शांततेवरून तेथे सारे सुरळीत चालले होते असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल, कारण अशा उजेडात चित्र हवे असेल तर उभ्या माणसांना थांबायला सांगावेच लागते, आणि तापाने ग्लानीत पडलेल्या माणसाला थांबायला सांगावे लागत नाही. कण्हणे, वात होऊन उठून धावणे, दारात नातेवाइकांनी केलेला आक्रोश यांना काचेवर जागा मिळण्याची शक्यताच नव्हती.

रुग्णालयांविषयी लोकांच्या मनात किती भीती होती, हे दुसरीकडून कळते. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, चालून गेला होता. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती, आणि मृत्यूचे प्रमाण पाहता ती निराधार म्हणता येणार नाही. पुढे निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली, तेव्हा ही भीती काहीशी ओसरली, कारण तेथे आपले माणूस उशाशी बसू शकत होते आणि अन्नपाण्याचे सोवळेओवळे सांभाळले जात होते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्येही प्लेगचे रुग्णालय उघडण्यात आले होते. जेथे गव्हर्नरांच्या मेजवान्या होत त्याच वास्तूत खाटा मांडल्या गेल्या, आणि 1899 पासून तेथेच वाल्देमार हाफकिन यांची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली. ती संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता जे या संचात नाही त्याविषयी. पुण्यात 13 मार्च ते 19 मे 1897 या काळात गोऱ्या शिपायांनी घरोघर तपासणी केली. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरणे, सामान रस्त्यावर फेकणे, रस्त्यात बायकांची तपासणी करणे अशा तक्रारी त्या वेळच्या मराठी वृत्तपत्रांत सातत्याने येत होत्या. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी जाहीरपणे लिहिले आणि सरकारने ते नाकारले. गोपाळ कृष्ण गोखले त्या सुमारास हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांकडून स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचे आरोप तेथील वृत्तपत्रातून मांडले. परत आल्यावर त्यांना पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येण्यास तयार नव्हते, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. तोवर 22 जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी पुण्याचे प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, आणि पुण्यातील वातावरण असे झाले होते की साक्ष देणे म्हणजे स्वतःहून तुरुंगाचे दार ठोठावणे होते.

गोखल्यांच्या त्या माफीनाम्याचा विचार मनात असताना मी ही नीटनेटकी छायाचित्रे पाहते, तेव्हा मला राग येतो, आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही. समितीपाशी तिच्या कामाचा पुरावा काचेवर उमटलेला होता. ज्यांच्या घरांत ती शिरली त्यांच्यापाशी फक्त शब्द होते, आणि ते शब्द उच्चारण्याची किंमत फार मोठी होती. कॅमेरा त्या काळी मुंबईकरांना अनोळखी नव्हता. 1854 मध्येच येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय तिच्या कामात होते. तरीही माजघराच्या उंबरठ्यापलीकडे, संकटाच्या त्या घटकेला, घरच्यांच्या बाजूने उभा राहणारा कॅमेरा नव्हता. एखाद्या घटनेचे छायाचित्र नाही म्हणून ती घडली नसावी, असे आज सहज बोलले जाते. पुण्याच्या 1897 च्या हकिकतीत हा तर्क किती अन्यायाचा ठरतो, हे गोखल्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

नावांच्या बाबतीतही असेच आहे. नोंदींत अधिकाऱ्यांची, समितीची, रुग्णालयांची नावे सापडतात. खाटेवरचा माणूस मात्र ‘प्लेगचा रुग्ण’ म्हणूनच राहतो. पुढच्या सुमारे दोन दशकांत हिंदुस्थानात या रोगाने 1 कोटीहून अधिक माणसे गेली, आणि त्यांपैकी ज्या थोड्यांचे चेहरे आपल्यापर्यंत पोहोचले, त्यांचीही नावे पोहोचलेली नाहीत. त्यामुळे ही चित्रे पुढे पाठवताना निदान गावाचे नाव आणि साल बरोबर असावे, याबद्दल मी आग्रही आहे. कराचीच्या रुग्णाला पुण्याचा म्हणणे ही क्षुल्लक बाब नाही. त्याच्याविषयी आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेही आपण पुसून टाकतो.

छायाचित्रांतील जागा आज ओळखू येतील का, असे मला काहींनी विचारले. फार थोड्या येतील. प्लेगमुळेच 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांतलेच; दुसऱ्या रस्त्याला प्लेगच्या काळातील गव्हर्नरांचे नाव मिळाले. मांडवीच्या काही गल्ल्यांत मात्र लाकडी खांबांची, पुढे आलेल्या सज्जांची घरे अजून दिसतात. सध्या मी गॅटेकर समितीचा अहवाल आणि 1897 चे ‘केसरी’चे अंक तारखांनुसार समोरासमोर ठेवून वाचते आहे, आणि मार्च ते जून या चार महिन्यांतील प्रत्येक छायाचित्रापुढे त्या आठवड्यात मराठी पत्रांत काय छापून आले होते, याची नोंद करत चालले आहे.