शेवटच्या हप्त्याचा महिना

गृहकर्ज मुदतीआधी फेडायचे, हा निश्चय बहुतेक घरांत वास्तुशांतीच्या आसपास होतो आणि पुढच्या दोन-तीन दिवाळ्यांत विरून जातो. त्यात कुणाच्या मनोबळाचा दोष आहे असे मला वाटत नाही. दरमहा खात्यातून परस्पर कापला जाणारा हप्ता काही काळाने वीजबिलासारखा अंगवळणी पडतो, कर्ज डोळ्यांआड होते, आणि डोळ्यांआड गेलेल्या गोष्टीसाठी बोनसमधून पन्नास हजार रुपये काढून देणे कुणालाही जड जाते. आमच्या घरी हा उत्साह इतकी वर्षे टिकला, याचे मुख्य कारण म्हणजे आम्ही कर्ज सतत नजरेसमोर राहील अशी व्यवस्था केली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आम्ही सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पूर ओसरल्यावर विश्रामबागच्या बाजूला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट पाहिला आणि जानेवारी २०२० मध्ये वीस वर्षांच्या मुदतीने पंचवीस लाखांचे कर्ज घेतले. मंजुरीच्या कागदावर शेवटचा हप्ता जानेवारी २०४० चा होता. यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात आणि त्यांची निवृत्ती २०३८ मध्ये आहे. म्हणजे त्यांचा पगार थांबल्यावरही दोन वर्षे हप्ते चालूच राहणार होते. कर्ज लवकर फेडण्याचे आमचे कारण इतके साधे होते, आणि ते साधे होते म्हणूनच टिकले, असे मला वाटते. ‘कर्जमुक्त व्हायचे’ हे ध्येय ऐकायला चांगले असले तरी त्याला महिना आणि वर्ष जोडलेले नसते.

आकड्यांकडे एकदा शांतपणे पाहायला हवे. पंचवीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले जवळपास १७,७०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते ते फक्त चार हजारांनी. वर्षभरात दोन लाख साठ हजार भरूनही मुद्दल पन्नास हजारांनीसुद्धा उतरत नाही. प्रत्येक हप्त्यात व्याजाचा वाटा मुद्दलापेक्षा मोठा राहण्याची ही स्थिती जवळजवळ बारा वर्षे चालते. हे वाचून अनेकांचा धीर सुटतो. मला मात्र याच हिशेबाने बळ दिले, कारण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख रुपये जादा भरले तर एकवीस हप्ते कमी होतात. तेच एक लाख बारा वर्षांनी भरले तर जेमतेम नऊ. सुरुवातीची वर्षे, जेव्हा पैसा सर्वांत कमी असतो, तीच सर्वांत मोलाची असतात.

बँकेकडून दर एप्रिलमध्ये वर्षभरात भरलेल्या व्याजाचे प्रमाणपत्र येते. बहुतेक जण ते प्राप्तिकराच्या कामापुरते पाहतात. आम्ही त्याच वेळी कर्जखात्याचे पूर्ण विवरणपत्र मागवतो आणि त्यातून एकच गोष्ट टिपून घेतो : शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात आहे. कपाटाच्या दाराला आतून एक जाड कागद चिकटवला आहे, त्यावर हा महिना लिहायचा आणि आधीचा खोडायचा. वर ‘जानेवारी २०४०’, त्याखाली पुढच्या वर्षांचे खोडलेले महिने, निळ्या शाईत, काही माझ्या अक्षरात आणि काही मुलीच्या. बाकी किती लाख राहिले हे त्या कागदावर आम्ही मुद्दामच लिहीत नाही. सतरा लाखांचे सोळा लाख झाले तरी मनाला काही जाणवत नाही, आकडा दोन्ही वेळा मोठाच वाटतो. पण शेवटचा महिना एकदम दीड वर्ष अलीकडे आला की घरातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ आपोआप कळतो. आमच्या मुलीने तो स्वतःच्या इयत्तेशी जोडला. ती बारावीत जाण्याआधी कर्ज संपावे, अशी तिची इच्छा आहे, आणि ती तिने आम्हाला विचारून ठरवलेली नाही.

महिना अलीकडे सरकावा यासाठी एक काळजी घ्यावी लागते. जादा रक्कम भरताना बँकेत विचारले जाते की हप्ता कमी करायचा की मुदत. हप्ता कमी केल्यास दरमहा हजार-बाराशे हातात राहतात आणि कुठे गेले ते कळतही नाही. आम्ही प्रत्येक वेळी लेखी अर्जात ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे स्पष्ट लिहितो आणि पोच घेतो. वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास त्यावर दंड आकारायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली आहे; त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून संकोच करण्याचे कारण नाही.

आमचा सर्वांत कठीण काळ २०२२-२३ चा होता. मे २०२२ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. आमच्या बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. तशी ठळक सूचना आम्हाला मिळाली नाही, विवरणपत्र काढल्यावरच ते लक्षात आले. कपाटातल्या कागदावर ‘ऑगस्ट २०३५’ खोडून ‘मे २०३७’ लिहावे लागले. तीन वर्षे पोटाला चिमटा काढून भरलेले पैसे वाहून गेल्यासारखे वाटले आणि यजमान पहिल्यांदाच म्हणाले, ‘आता राहू दे, जसं संपेल तसं संपेल.’ मी वाद घातला नाही. कोऱ्या कागदावर दुसरा हिशेब मांडला : आपण जादा भरलेच नसते तर आज शेवटचा महिना कोणता असता? तो आपल्या निवृत्तीच्या बराच पुढे गेला असता, हे पाहिल्यावर ते स्वतःच म्हणाले की हप्ताच वाढवून घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असे निर्देश दिले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की काही रक्कम आधी भरायची, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. हा हक्क प्रत्येक कर्जदाराला ठाऊक असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

तेव्हापासून आम्ही दरवर्षी जुलैची वेतनवाढ हातात आली की हप्ता वाढवून घेतो. वर उल्लेखलेल्या कर्जाचा हप्ता दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवत नेला, तर वीस वर्षांचे कर्ज साधारण सव्वाबारा वर्षांत संपते. याखेरीज माझ्या महागाई भत्त्याचा फरक, यजमानांचा दिवाळी बोनस आणि पलूसकडच्या शेतातल्या आमच्या वाट्याचे ऊसबिल असे तीन मार्ग आहेत. ऊसबिलाचा भरवसा नसतो, म्हणून ते हिशेबात धरत नाही. आले की भरतो. बोनसचा एक भाग मात्र आम्ही घरासाठीच ठेवतो. गणपतीत नवे कपडे नाहीत, उन्हाळ्यात कुठे जाणे नाही, अशा कोरडेपणाने फेडलेले कर्ज घरातल्या माणसांना नकोसे होते, आणि मग एखाद्या वर्षी सगळेच सुटते.

सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च वेगळ्या ठेवीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही, हेही आमचे ठरलेले आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा गावभागातल्या नातेवाइकांना सामान हलवून नव्याने घर मांडावे लागले, आणि त्यांना मदत करता आली ती याच ठेवीतून. बँकेत भरलेली रक्कम अशा वेळी सहज परत मिळत नाही.

शाळेतले एक सहकारी मला नेहमी सांगतात की जादा पैसे म्युच्युअल फंडात घातले तर कर्जाच्या दरापेक्षा अधिक परतावा मिळेल. मिळूही शकेल, पण तो मिळेलच असे नाही, आणि वाचलेले व्याज मात्र निश्चित असते. शिवाय जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, ती नव्या करप्रणालीत नाही. आम्ही दोघेही नव्या प्रणालीत आहोत, त्यामुळे कर्ज ठेवण्यात कराचा फायदाही उरलेला नाही. ज्यांना जुनी प्रणाली लाभाची आहे किंवा ज्यांची निवृत्तीची तरतूदच झालेली नाही, त्यांनी आधी तिकडे पाहावे, हे माझेही मत आहे.

सध्या कागदावर ‘सप्टेंबर २०३१’ लिहिलेले आहे. या एप्रिलमध्ये विवरणपत्राबरोबर बँकेकडे मूळ कागदपत्रांची यादीही मागायची आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ दस्त परत करणे आणि उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई देणे डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे, पण नेमके कोणते दस्त त्यांच्याकडे आहेत हे आपल्याकडे लिहून असले पाहिजे : खरेदीखत, त्याची नोंदणी पावती, बिल्डरशी केलेला करारनामा. दुय्यम निबंधक कार्यालयातला गहाणाचा बोजा कसा उतरवायचा, तेही त्याच दिवशी विचारून घेणार आहे.