पहिली स्वतःची मॅच रायफल: ट्रिगर सगळ्यात शेवटी बघा

रेंजवर कोणी नवीन माणूस स्वतःची रायफल घ्यायचीय म्हणाला की पहिला प्रश्न ठरलेला, ट्रिगर किती ग्रॅमचा आहे? बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) कुठली, हवेचा सिलिंडर कधीचा, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) किती वर-खाली होतो हे कोणी विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष ट्रिगरच्या त्या एका पात्यावर. मला विचाराल तर पहिल्या रायफलमध्ये ट्रिगर ही सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट आहे, आणि बऱ्याच वेळा हात न लावलेलाच बरा. यावर रेंजवर माझे दोन-तीन जणांशी वाद झालेत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी एक क्लिअर करतो. अमेरिकेतले लोक सुटे पार्ट मागवून घरी टेबलावर रायफल जोडतात त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही काही जणांच्या डोक्यात किडा वळवळतो. तो विचार सोडून द्या, शस्त्र कायदा १९५९ नुसार लायसन्सशिवाय बंदूक बनवणं हा सरळ गुन्हा आहे. मी बोलतोय ते १० मीटर एअर रायफलबद्दल, ४.५ मिमीवाली, ऑलिम्पिकमध्ये असते ती. हिच्यातून पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, साधारण १७० मीटर प्रति सेकंदाने सुटतो, म्हणजे ऊर्जा साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत लायसन्समधून सूट २० ज्यूलपर्यंत आहे. नवीन जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल लाखांत जाते, त्यामुळे आपल्यासारखे लोक कोणा सिनियरची जुनी रायफल घेतात आणि मग एकेक पार्ट बदलत, सरकवत, घासत ती आपल्या अंगाला बसवतात. माझी तशीच आहे, जुनी वॉल्थर, तिचा आधीचा मालक माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता.

पॅरिसमध्ये २०२४ ला स्वप्निल कुसाळेला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हापासून रेंजवर पालकांची गर्दी वाढलीय. स्वप्निल कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्याच्या आधी ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला होता, आणि तेजस्विनी सावंतचं २०१० चं म्युनिकचं गोल्ड तर कोल्हापूरकर अजून कालच झाल्यासारखं सांगतात. त्यामुळे पोरांना रायफल हवी असणं साहजिक आहे. फक्त पैसे भलत्या ठिकाणी जातात.

जुनी रायफल बघायला गेलात की पहिल्यांदा सिलिंडर बघा. त्याच्यावर तारीख कोरलेली असते. या सिलिंडरमध्ये २०० बारचं प्रेशर भरतात, तुमच्या स्कूटरच्या टायरच्या जवळजवळ शंभर पट, आणि ते गालापासून हातभर अंतरावर असतं. कंपन्या साधारण १० वर्षांची मुदत देतात आणि मुदतीतला सिलिंडर वापरायची जबाबदारी आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात सरळ नेमबाजावर टाकलीय. मोठ्या मॅचला इक्विपमेंट कंट्रोलवाले तारीख बघू शकतात. विकणारा "अरे काही होत नाही, सगळे वापरतात" म्हणेल, तुम्ही हसून नवीन सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करायला सांगा. बाकी बॅरल, ॲक्शन यांना मॅच रायफलमध्ये सहसा काही होत नाही, प्रेशर कमी असतं, शिशाचा पेलेट मऊ असतो, बॅरल माणसाला पुरून उरते. सील जुनी झाली तर हवा गळते, रात्रभर ठेवून सकाळी मॅनोमीटरचा, म्हणजे सिलिंडरवरच्या प्रेशर मीटरचा, काटा बघायचा, तेवढं कळतं.

आता स्टॉक, म्हणजे रायफल धरायचा, खांद्याला लावायचा सांगाडा. खरं काम इथे आहे आणि इथेच लोक घाई करतात.

उभं राहून नेम धरताना रायफल हाताच्या ताकदीवर धरायची नसते, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं आणि वजन हाडांवरून खाली पायात जातं. नियमाने एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, बहुतेकांची चार-साडेचारच्या आसपास असते, आणि साठ शॉटच्या मॅचमध्ये ती सव्वा तास उचल-ठेव, उचल-ठेव. आता तुमचं कोपर कंबरेला टेकल्यावर रायफल डोळ्याच्या उंचीला येत नसेल तर तुम्ही काय करणार? मान खाली वाकवणार. मान वाकली की तोल गेला, नजर भुवईखालून जायला लागली, आणि विसाव्या शॉटनंतर मानेत कळ. म्हणून हाताखालचा रायझर ब्लॉक, बटप्लेटची उंची आणि चीकपीस हे तिन्ही एकत्र बसवावे लागतात, एक हलवलं की बाकी दोन हलतात. यालाच वेळ लागतो. एक संध्याकाळ नाही लागत, अख्खा सीझन जातो.

लांबीचं म्हणाल तर दुकानदार कोपराच्या आत बट ठेवून बोट ट्रिगरला पोचतं का बघायला सांगतो. ते पक्षी मारायच्या एअरगनसाठी ठीक असेल. मॅच रायफलला जॅकेट घालूनच मापं घ्यायची, कारण त्या कॅनव्हासच्या जॅकेटची जाडी खांद्यावर मोजली जातेच ना. आणि चेक करायची साधी पद्धत म्हणजे डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, दोन श्वास घ्या, मग डोळे उघडा. मागच्या पीपमधून (साइटच्या बारीक भोकातून) पुढच्या साइटची रिंग बरोबर मध्ये दिसली पाहिजे. ती डावीकडे कडेला दिसत असेल तर चीकपीस सरकवायचा, डोकं नाही. हे वाक्य मी माझ्या रायफलच्या केसच्या झाकणाला आतून चिकटवलंय, हसू नका.

बटप्लेट जुनी असेल आणि तिच्यावरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर तेवढं मात्र लगेच बदला. घसरणारी बटप्लेट प्रत्येक शॉटला एक-दोन मिलिमीटर वेगळ्या जागी बसते आणि माणूस साइटचे क्लिक फिरवत बसतो. जुन्या साध्या प्लेटऐवजी तीन-चार दिशांना हलणारी घेतली तर पैसे वसूल होतात, माझ्या मते अख्ख्या रायफलमध्ये सगळ्यात जास्त वसूल होणारा खर्च हाच. प्रत्येक स्क्रूच्या जागी सफेद मार्करने बारीक रेघ मारून ठेवा, आणि आकडे वहीत. प्रवासात कोणीतरी एक तरी स्क्रू ढिला करतंच.

साइटबद्दल थोडक्यात. मागचा डायॉप्टर, म्हणजे ती भोकाची साइट, चालू असेल, क्लिक कडक वाजत असतील तर ब्रँड बघू नका. पुढची रिंग नवीन लोक फार लहान घेतात, काळा गोळा तिच्यात घट्ट बसला की नेम पक्का असं वाटतं. टार्गेटवरचा काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा, रिंग लहान असली की तो कडांना चिकटल्यासारखा दिसतो आणि जरा हललं की माणूस घाबरून ट्रिगर दाबतो. भरपूर पांढरं दिसू दे आजूबाजूला.

बरं, ट्रिगर.

मॅच रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा म्हणजे बोट मागे येताना लागणारा हलका प्रवास, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर थोडा दाब वाढला की शॉट सुटतो. एअर पिस्तुलला कमीत कमी ५०० ग्रॅमचा नियम आहे, एअर रायफलला असा खालचा आकडा नाही, फक्त सेट ट्रिगर (आधी चढवून ठेवायचा आणि मग नुसत्या स्पर्शाने सुटणारा) चालत नाही. म्हणून सगळे हलका, अजून हलका करत ५०-६० ग्रॅमवर येतात आणि त्यातच मोठेपणा मानतात. एवढ्या हलक्या ट्रिगरवर नवीन माणसाला भिंतच कळत नाही. थंडीत सकाळी बोटं गार पडलेली असतात, मुंबईच्या रेंजवर घामाने निसटतात, आणि शॉट तुमच्या आधी रायफलच ठरवते. मी १०० च्या पुढेमागे ठेवतो, त्यातला बराचसा भाग पहिल्या टप्प्यात, म्हणजे भिंतीपाशी पोचेपर्यंत बोटावर आधीच वजन आलेलं असतं आणि उरलेलं थोडंच राहतं. मोजायला ट्रिगर गेज असेल तर उत्तम. नसेल तर पात्याला दोरी बांधून वजनं टांगूनही अंदाज येतो, ड्राय फायर मोडवर (पेलेट न सोडता नुसता ट्रिगर चालतो तो), रायफल रिकामी आणि बॅरलमध्ये तो नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालून, तोंड सुरक्षित दिशेला.

पण ग्रॅमपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पातं कुठे आहे. मध्ये बालेवाडीला एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले होते, मी काही कोच नाही पण हातात ॲलन की दिसली की लोकांना वाटतं.

"सर, जरा ट्रिगर हलका करून देता का? हिचे सगळे शॉट उजवीकडे जातायत."

"आधी बघू तरी दे," म्हटलं, "बाळा, रायफल उचल आणि नुसतं ड्राय फायर कर."

तिने केलं. मी टार्गेटकडे बघतच नव्हतो, तिच्या बोटाकडे बघत होतो. पातं पट्टीवर एवढं पुढे होतं की तिला बोट ताणून न्यावं लागत होतं, तिथे पोचलं की नुसतं टोक टेकायचं आणि दाब सरळ मागे न येता तिरका जायचा. प्रत्येक क्लिकला पुढची रिंग उजवीकडे एक हिसका खायची. ॲलन कीने पातं ढिलं केलं, मागे सरकवलं, जरा फिरवून तिच्या बोटाच्या पहिल्या पेराच्या मधोमध आणलं, घट्ट केलं. वजनाला हात लावला नाही. पुन्हा क्लिक. रिंग जागच्या जागी.

"झाला का हलका?" वडिलांनी विचारलं.

"हो काका," ती मुलगीच म्हणाली, म्हणजे मला म्हणाली, आणि मी पण तसंच राहू दिलं.

याच्यामागचं गणित बघा. टार्गेटवरची दहाची टिकली फक्त अर्ध्या मिलिमीटरची आहे. पेलेट साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड टिकलीला लागली की दहा, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. दोन साइटमधलं अंतर पाऊण मीटर धरलं तर पुढच्या साइटच्या टोकाला तेवढ्या चुकीचे होतात जेमतेम ०.२ मिलिमीटर. आणि आजकाल क्वालिफिकेशनपासून दशांशात मोजतात, १०.९ ला तर पाव मिलिमीटरच्याच आत पाहिजे. तिरक्या बोटाने एवढं सहज हलतं, मग ट्रिगर ५० ग्रॅमचा असो नाहीतर ५ चा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे शॉट सुटल्यावर पातं किती मागे जातं. स्टॉप स्क्रू फार ढिला असला तर भिंत फुटल्यावर बोट धपकन आत जातं आणि त्या वेळी पेलेट अजून बॅरलमध्येच असतो. अगदी आवळून बसवला तरी गोची, कधीतरी शॉट सुटणारच नाही. सुटण्याच्या जागेपासून जराशी जागा सोडायची, बस. बाकीचे आतले स्क्रू, सिअरचे (ट्रिगरच्या आतल्या अडकणीचे) वगैरे, मॅन्युअल शेजारी उघडं नसेल तर फिरवू नका, आणि फिरवायचेच असतील तर पाव आटा फिरवा, लिहून ठेवा, मग ड्राय फायर. एकावेळी एकच स्क्रू.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरबद्दल विचारणारे असतातच. छान असतात, क्लिक अगदी काच फुटल्यासारखा कडक. पण जुन्या रायफलला तो लावायच्या खटपटीत पडू नका, तेवढ्या पैशात चांगली बटप्लेट, नवीन सिलिंडर आणि वर्षभराचे पेलेट येतात.

पेलेट म्हणजे अजून एक राहिलेला खर्च, त्याचं बजेट कोणीच करत नाही. एकाच कंपनीच्या डब्यावर ४.४९, ४.५० असे हेड साइझ (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीत) लिहिलेले असतात, आणि प्रत्येक बॅरलला त्यातला एखादाच आवडतो. रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळ्या डब्यांचे ग्रुप काढून बघायची सोय ज्या अकादमीत असेल तिथे पैसे देऊन ते एकदा करून घ्या आणि जो जमला त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे एकदम उचला. माझ्या वॉल्थरला ४.५० चालतात. माझ्या शेजारच्या लेनवाल्याला त्याच कंपनीचे ४.४९ लागतात, आणि तो अजून म्हणतो की माझा ट्रिगर जड आहे.